झडती

एकतीस वर्षं नोट प्रेसमध्ये नोटा मोजल्या.
रोज सुटताना गेटवर हात वर,
खिसे उलटे, डब्याचं झाकण उघडं,
आणि आतली उरलेली अर्धी पोळी
शिपायानं दोनदा उलटवून पाहिलेली.
घरी काय आणलं? तर हे दोन हात.
तेही धुऊन.

निवृत्तीनंतर भाच्यानं मोबाईलवर काम लावून दिलं:
गिऱ्हाईक दिसायचं, पण गिऱ्हाईक नसायचं.
कॉलेज रोडला जा, उंटवाडीच्या मॉलमध्ये जा,
काहीतरी घ्याच, पाचशेच्या आत,
आणि गुपचूप बघा: नमस्कार केला का,
किती मिनिटांनी,
बोलताना डोळे तुमच्याकडे होते की रॅककडे.
दीडशे रुपये. बिलाचे पैसे महिन्याभरानं.
वस्तू तुमचीच.

वस्तू माझीच!
डोक्याला टक्कल, आणि घरात केसांचं जेल.
ते मी बाथरूमच्या बिजागरीला लावून पाहिलं;
दार आता करकरत नाही, चिकटतं.
कुत्र्याची बिस्किटं घेतली, हाडकांच्या आकाराची.
जेल रोडच्या मोत्यानं एक हुंगलं
आणि माझ्याकडे अगदी तसंच पाहिलं,
जसा तो शिपाई पोळीकडे पाहायचा.
पोहायचा चष्मा
शेजारच्या बोरस्तेबाई कांदा चिरताना लावतात.
आणि दुधाची बाटली, मिलिलिटरच्या बारीक खुणांची,
ती दिंडोरीच्या साडूनं मागून नेली
द्राक्षांच्या डिपिंगचं औषध मोजायला.
परवा फोनवर म्हणाला,
मण्यांनी काय बाळसं धरलंय!

मी घरी पोचलो की कुमुद दार अडवते.
"हात वर," म्हणते.
पिशवी बाहेरून चाचपते.
"आज काय नकोय आपल्याला?"

पौषात एक वेगळं काम आलं.
घ्यायचं, आणि सात दिवसांत परत करायचं.
परत घेताना कपाळावर आठी पडते का,
तेवढं टिपायचं.
मी एक स्कार्फ घेतला. जांभळा.
द्राक्षाचा नव्हे, करवंदाचा जांभळा,
बोटांना लागेल असा.
काउंटरवरच्या मुलीच्या छातीवर पट्टी: हर्षदा पगार.
घडी घालता घालता म्हणाली,
"काकूंना खुलेल."
अहवालात या वाक्याला रकाना नव्हता.

कुमुदनं पिशवी चाचपली, उघडली,
आणि काय नकोय ते विचारलंच नाही.
निफाडचा पारा चारावर आला होता.
दुसऱ्या दिवशी ती तो बांधूनच फिरायला गेली,
तिसऱ्या दिवशी भाजीला,
पाचव्या दिवशी विनाकारण गॅलरीत.
मी सांगणार होतो. रोज सांगणार होतो.
मग दिसलं की लेबल तिनं काढलेलं नाही,
आतल्या बाजूला दुमडून
सेफ्टीपिननं टाचलंय.

सातव्या दिवशी स्कार्फ टेबलावर,
दुकानातल्याच घडीत.
वर बिल. बिलावर वाटी, उडू नये म्हणून.
ती आत कुकरच्या शिट्ट्या मोजत होती,
किंवा मोजायचं नाटक करत होती.

बिटको चौकापर्यंत गेलो.
रिक्षावाले हाका मारत होते, कॉलेज रोड, कॉलेज रोड.
बाकावर बसून फॉर्म उघडला.
परत न करण्याचं कारण निवडा:
माप. रंग. इतर.
इतरपुढे एवढीशी जागा.
एकतीस वर्षं गड्डीत एक नोट इकडची तिकडे झाली नाही,
आणि इथं बोट नुसतं काचेवर थांबलेलं.
शेवटी लिहिलं, मुलगी चांगली आहे.
काम रद्द झालं. आठशे नव्याण्णव
खिशातून गेले.

दारात ती उभी, हात पदराला पुसत.
"हात वर" म्हणाली नाही.
मीच केले.
पिशवी बगलेत होती, ती खाली पडली.
"सापडलं," म्हणाली,
वाकून उचलला,
पिन काढून माझ्या तळहातावर ठेवली
आणि लेबल
दातांनी तोडलं.